लडाखच्या ट्रेकची तयारी: किनाऱ्यावर की आंबोलीत?

मालवण-वेंगुर्ल्याकडून लडाखला ट्रेकसाठी निघालेले बरेच जण विचारतात, सराव घरीच करावा की विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आठवडाभर आंबोलीला राहावं? त्या सवयीसाठी आंबोली गाठण्यात काही अर्थ नाही, हे आधीच सांगते.

आंबोली ६९० मीटरवर. तिथला हवेचा दाब किनाऱ्याच्या ९२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शरीराला फरक जाणवतही नाही. राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाई शिखरसुद्धा १६४६ मीटरच. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच, पण दाब किनाऱ्याच्या दोन तृतीयांश, त्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. दोन जिने चढलं तरी धाप लागते, बसल्या जागी नाडी जलद चालते. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या रक्तातल्या तांबड्या पेशी पुरेशा वाढायला काही आठवडे जातात.

किनाऱ्यावरचा त्रास वेगळाच. ऑक्सिजन हवा तेवढा, पण मे महिन्यातल्या दमट हवेत घाम सुकत नाही. अंग गार होतं ते घाम सुकल्याने. कोपरावरून ठिबकलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, गारवा देत नाही. रक्त स्नायूंना हवं आणि कातडीलाही, म्हणून नेहमीच्याच वेगात हृदय जास्त पळतं. पहाटे ऊन नसलं तरी दमटपणा तेव्हाच सर्वाधिक असतो, त्यामुळे घड्याळातल्या वेगामागे लागू नका. रोज तासभर सराव ठेवला तर १०-१४ दिवसांत शरीर सरावतं: घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. विरळ हवेमुळे डोंगरावर होणाऱ्या डोकेदुखीवर मात्र हा उतारा नव्हे. ती चांगल्या धडधाकट माणसालाही गाठते.

तरीही मी किनाराच निवडेन. गावातली जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, पाठीवर सॅक घेऊन चढा आणि उतरा. उतरताना मांड्या भरून येतात, तीच खरी तयारी. पुळणीवर ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट वाळूत चाला. आंबोलीचा घाट लांब चढासाठी उत्तम, एखाद्या रविवारी जरूर जा.

वाचलेली रजा लेहसाठी ठेवा. पहिले दोन दिवस विश्रांती, मग मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. डोकं दुखून मळमळलं तर वर जायचं नाही. चालताना तोल गेला किंवा बसल्या जागी दम लागला, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. इकडे किनाऱ्यावर सराव करताना उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, तर सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत राहा आणि दवाखान्यात न्यायला गाडी बोलवा.