टाकीच्या तीन नळ्या ओळखणारे गॅरेज

टाकी पूर्ण भरली की माझ्या जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा वास येत असे आणि टाकी अर्धी झाली की तो आपोआप थांबत असे. दोन गॅरेजांनी केवळ झाकण बदलून पैसे घेतले. पुण्यातील या तिसऱ्या, लहानशा गॅरेजच्या मिस्त्रींनी मात्र गाडी रॅम्पवर घेऊन मला खाली बोलावले आणि टॉर्चच्या उजेडात टाकीवरच्या तीन नळ्या दाखवल्या: इंजिनाकडे पेट्रोल नेणारी, उरलेले पेट्रोल परत आणणारी, आणि पेट्रोलची वाफ ती शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे, म्हणजे कॅनिस्टरकडे नेणारी. परतीची नळी टाकीत तळापर्यंत उतरते, तर वाफेची वरच संपते. पूर्वी कोणीतरी या दोहोंचे पाइप उलटसुलट जोडले होते, त्यामुळे टाकी भरली आणि उन्हात आत दाब वाढला की वाफेऐवजी पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये ढकलले जाई आणि तिथून वास येई. कोळसा भिजून निकामी झाला होता, म्हणून तो डबा बदलावा लागला.

जुने रबरी पाइप वाकवताच त्यांना बारीक भेगा दिसल्या. मिस्त्रींनी इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे पाइप व नवे क्लॅम्प बसवले आणि काढण्यापूर्वी प्रत्येक नळीला रंगीत चिकटपट्टी लावली, हे मला विशेष आवडले. काम सांगितल्यापेक्षा दोन दिवस लांबले आणि पक्के बिल मागून घ्यावे लागले, हे मात्र खटकले. त्यानंतर टाकी दोनदा काठोकाठ भरली. वास आलेला नाही.