अडीचशे रुपयांचा क्लिप ट्यूनर, आठ महिने वापरून झाल्यावर

ट्यूनर म्हणजे गिटारच्या तारा बरोबर सुरात हायत का ते दाखवणारं छोटं यंत्र. आधीच सांगतो, 5 पैकी 4 स्टार. कापलेला एक स्टार ट्यूनरच्या मानेसाठी (स्क्रीन फिरवायच्या गोळ्यासाठी) हाय, सुरासाठी नाही. हे मुद्दाम लिहायलोय कारण आमच्या ग्रुपातल्या दोघांनी हाच ट्यूनर "गिटार ट्यूनमध्ये राहत नाही" म्हणून परत पाठवला आणि खरं सांगायचं तर मी पण रिटर्नचा फॉर्म अर्धा भरलाच होता.

मी लातूरचा, ऑर्केस्ट्रात वाजवतो, म्हणजे हळदी, गॅदरिंग, गणपती, कधी बर्थडे, जे मिळंल ते. गिटार साधी, स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) छापाच्या इलेक्ट्रिक गिटारची कॉपी, सहा किल्ल्या एका ओळीत, मागं स्प्रिंगा आणि पुढं दांडी म्हणजे व्हॅमी बार, ती हलवली की सूर डुलतो. पहिले मोबाईलवरच्या ॲपनं ट्यून करायचो, घरात ठीक, पण स्टेजवर मागं बँजो पार्टी सुरू झाली की ॲपला काय ऐकू येणार, मोबाईलचा माईक सगळाच गोंगाट घेतो आणि काटा नुसता नाचतो. क्लिप ट्यूनरला माईकवर अवलंबून राहावं लागत नाही, तो गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा बसतो आणि लाकडातली थरथर घेतो, आत पिझो, म्हणजे थरथर ओळखणारा सेन्सर, असतो. त्यामुळं शेजारी ढोल बडवला तरी तारेचाच सूर दाखवतो. अजून एक फायदा मला उशिरा कळला. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा, स्पीकरमधनं काहीच ऐकू येणार नाही, पण ट्यूनर चालूच राहतो. निवेदक बाई बोलायल्या असताना मी गपचूप सहाच्या सहा तारा मिळवून घेतो, पब्लिकला पत्ता लागत नाही.

आता मेन राडा. ट्यूनर ज्या आठवड्यात आला त्याच आठवड्यात मी तारा बदलल्या होत्या. आधी 9 नंबरचा, म्हणजे पातळ तारांचा, सेट होता, म्हणलं आवाज जाड पाहिजे, 10 चा टाकला. तारा गंजगोलाई चौकाजवळच्या एका दुकानात बसवून घेतल्या, पोरानं प्रत्येक तारेला सात-आठ वेढे मारून दिले, मला वाटलं लई मजबूत काम झालं. घरी येऊन ट्यूनर लावला आणि सर्कस सुरू. जाड ई तार मिळवली, हिरवा दिवा. मग ए, डी, जी, बी, बारीक ई, सगळे हिरवे. परत पहिल्या तारेवर आलो तर ती उतरलेली! परत मिळवली तर बाकीच्या हलल्या. तासभर हेच. घरात सगळे म्हणायले तुझं वाजवणं कधी सुरू होणार. मला पक्कं वाटलं ट्यूनर खोटं दाखवायलाय.

शेवटी गिटार घेऊन पेटी दुरुस्त करणाऱ्या मामांकडं गेलतो. ते खरे हार्मोनियमवाले, सूरपट्ट्या घासून सूर लावणारे माणूस, पण गल्लीत कुणाचं काहीही बिघडलं तरी त्यांच्याकडंच जातं. त्यांनी माझा ट्यूनर लावला, एक तार पेटीशी ताडून बघितली आणि म्हणले, "काटा बरोबर हाय रे बाळा, तुझी गिटारच हलायली."

झालं असं होतं की या छापाच्या गिटारचा ब्रिज, म्हणजे बॉडीवरची तारा अडकवायची पट्टी, तरंगता असतो. पुढनं तारा ओढतात, मागनं स्प्रिंगा ओढतात, दोघांची रस्सीखेच बरोबरीत सुटली की ब्रिज जागेवर. तुम्ही एक तार चढवली की पुढचा ओढा वाढतो, ब्रिज किंचित पुढं उठतो आणि बाकीच्या पाच तारा सैल पडतात. मी 9 च्या जागी 10 चा सेट टाकला म्हणजे ओढा वाढवला, स्प्रिंगा मात्र त्याच. मामांनी मागची प्लेट काढली, आतले दोन लांब स्क्रू थोडे थोडे आवळले, प्रत्येक वेळी परत ट्यून केलं, ब्रिज बॉडीला टेकून सपाट बसेपर्यंत. आता दांडी फक्त खाली दाबता येते, वर ओढता येत नाही, पण मला कुठं एवढी करामत करायचीय. उलट एखादी तार तुटली तरी बाकीच्या आता फारशा हलत नाहीत, आधी एक तुटली की पाचही चढायच्या आणि गाणं तिथंच संपायचं.

दुसरी भानगड नटची. नट म्हणजे डोक्याजवळची ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतनं तारा जातात. खाचा पातळ तारेच्या मापाच्या, त्यात जाड तार अडकून बसलेली. किल्ली फिरवली तर काही होत नाही, अजून फिरवली तरी नाही, आणि एकदम "टिंग" करून सूर उडी मारतो. हा टिंग आवाज येत असेल तर ट्यूनर बदलू नका, खाच बघा. जी तारेला सगळ्यात जास्त त्रास होता. बेंड मारून (तार बोटानं बाजूला ताणून) सोडलं की उतरलेली राहायची, दांडी दाबून सोडली की चढलेली राहायची. मला वाटलं दोन वेगळे रोग हायत, पण कारण एकच, तार खाचेतनं परत सरकतच नव्हती. मामांनी बारीक पॉलिश पेपर दुमडून खाच जराशी मोकळी केली, लई नाही, जास्त खोल गेली तर मोकळी तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडते, आणि वर पेन्सिलीचं शिसं घासलं. होय, पोरांची शाळेतली पेन्सिल. शिशानं तार घसरते. मी आता दर वेळी तारा बदलताना 2बी पेन्सिल फिरवतो.

आणि ते सात-आठ वेढे बघून मामा हसले. वेढे जास्त झाले की तेच हळूहळू आवळत राहतात आणि सूर उतरत राहतो. दोन-तीन पुरे, पातळ तारांना एखादा जास्त. नवी तार लावल्यावर हातानं हलकेच ओढून ताणायची, परत मिळवायची, परत ओढायची, उतरायची थांबेपर्यंत. एवढ्या सगळ्याचे दीडशे रुपये घेतले आणि चहा त्यांनीच पाजला.

ट्यूनर वापरताना दोन-चार गोष्टी. तार जोरात छेडू नका, सुरुवातीला सूर चढा दिसतो आणि मग खाली बसतो, बसल्यावरचा बघा. जाड ईवर कधी कधी बी दाखवतो, घाबरू नका, बाराव्या फ्रेटवर तार न दाबता हलकं बोट ठेवून हार्मोनिक (घंटीसारखा वरचा सूर) वाजवा, बरोबर ई येतो. आणि सूर वर गेला तर तसाच खाली आणून थांबू नका, गरजेपेक्षा जास्त उतरवा आणि मग खालनं वर चढवत आणा, नाहीतर किल्लीतला ढिलेपणा नंतर सूर खातो.

440 चं बटण मात्र घातक हाय. ए सूर किती हर्ट्झचा धरायचा तो आकडा त्यानं बदलतो, नेहमीचा 440. ट्यूनर खिशात टाकला, बटण दाबलं गेलं, 436 झालं आणि मला पत्ताच नाही. औशाच्या हळदीत सगळे दिवे हिरवे आणि कीबोर्डवाला माझ्याकडं बघायलाय डोळे वटारून. त्या दिवसापासून क्लिप लावली की पहिले आकडा बघतो. पण हेच बटण भजनाच्या कार्यक्रमात देवासारखं कामाला येतं. जुनी पेटी प्रत्येक वेळी 440 लाच असंल असं नाही, आणि पेटीच्या सूरपट्ट्या काय स्टेजवर घासता येत नाहीत, मग गिटारलाच पेटीकडं जावं लागतं. पेटीचा सूर ऐकून आकडा थोडा वरखाली केला की झालं. आमचे गायक काळी दोनमध्ये (पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीत) गातात, तेव्हा मी सगळ्या तारा अर्धा सूर उतरवतो, म्हणजे मोकळी जाड तार बरोबर काळी दोनवर येते आणि मोकळ्या तारांचे कॉर्ड फुकटात मिळतात.

उन्हाळ्याचं वेगळंच. मे महिन्यात खोलीत कूलरसमोर बसून ट्यून केली आणि मांडवात हॅलोजनखाली गेलो की दहा मिनिटांत सगळ्या तारा खाली, गरम झालं की तार सैल पडते. डिसेंबरच्या रात्री मोकळ्या मैदानात उलटं, चढतात. म्हणून आता कार्यक्रमाच्या जागी पोचलो की गिटार पिशवीतनं काढून पंधरा-वीस मिनिटं नुसती स्टँडवर ठेवतो आणि मग मिळवतो. आणि कूलरच्या थेट झोतात गिटार ठेवू नका, त्या ओल्या हवेनं माझ्या एका सेटला महिन्याभरात गंज चढला होता.

आता ट्यूनरच्या तक्रारी. भर उन्हात स्क्रीन दिसत नाही, हाताची सावली करावी लागते. सेल 2032 चा, कुठल्याबी घड्याळवाल्याकडं मिळतो, पण बंद करायचं विसरलं की मेलाच समजा, निदान माझ्याकडचा तरी आपोआप बंद होत नाही. आणि ती मान! फिरणारा गोळा सहाव्या महिन्यात ढिला पडला, तेव्हापासून स्क्रीन मान टाकून खालीच बघायची. सध्या सायकलच्या ट्यूबची एक चकती कापून तिथं अडकवलीय. उदगीरचा कार्यक्रम तेवढ्यावरच निघाला.