शनिवारचा तास: स्क्रॅच घ्यावं की तांब्याची तार?

मुख्याध्यापकांनी पाचवी ते सातवीसाठी शनिवारचा एक तास मोकळा दिला आणि ‘मुलांकडून काहीतरी सर्जनशील करून घ्या’ म्हणाले, की स्टाफरूममध्ये लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो कम्प्युटर लॅब आहे, स्क्रॅच शिकवा, म्हणजे पडद्यावर रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायला. दुसरा म्हणतो मुलं स्क्रीनसमोर बसतातच की, साध्यासुध्या वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची खेळणी करून घ्या, तांब्याच्या तारेच्या मोटारीसारखी. परळच्या एका मराठी शाळेत मी हे दोन्ही तास घेतले आहेत. ज्यांना यातलं एकच निवडायचंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पैशाचा मुद्दा लवकर संपतो. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली आणलेलं स्क्रॅच फुकट आहे आणि नेटशिवाय चालणारी आवृत्तीही उतरवून घेता येते. गुप्तांची पुस्तकं, त्यांतली कितीतरी मराठीत, त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मोटार म्हणजे दोन पिनांवर टेकून चुंबकासमोर फिरणारं तारेचं वेटोळं. त्यासाठी लागते वाइंडिंगची (वार्निश चढवलेली तांब्याची) तार, चकतीचं लोहचुंबक, टॉर्चचा मोठा सेल आणि दोन सेफ्टी पिना. पिना मुलं घरून आणतात, बाकीचं मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला मिळतं.

आता मुलं काय करतात ते बघा. स्क्रॅचमध्ये आमच्या सहावीच्या मुलांनी लोकल केली. चर्चगेटहून सुटते, बोरिवलीला पोचते, परत येते. त्यासाठी ‘इफ ऑन एज, बाउन्स’ (कडेला पोचलं की उलट फिर) हा ठोकळा लावला, तर बोरिवलीहून गाडी उलटी, चाकं वर करून निघाली. वर्ग हसून लोटपोट. उपाय ‘रोटेशन स्टाईल’मध्ये, म्हणजे चित्र कसं वळावं ते ठरवण्यात आहे हे मी सांगितलं नाही, त्यांनी ठोकळे चाळून शोधलं. ‘लेफ्ट-राइट’ केल्यावर गाडी सरळ झाली खरी, पण तोंड फिरवून येऊ लागली. मग एक मुलगी म्हणाली, ‘बाई, लोकल वळतच नाही. मोटरमन उतरून दुसऱ्या टोकाला जातो.’ त्यांनी ‘डोन्ट रोटेट’ निवडलं. मला विचाराल तर त्या तासाचं खरं शिक्षण तेवढंच. रोज बघितलेल्या गोष्टीकडे पुन्हा बघावं लागलं, कारण यंत्र सांगितलं तसंच वागतं.

तारेच्या मोटारीत चूक अशी दिसत नाही, ती शोधावी लागते. वेटोळ्याच्या एका टोकाचं वार्निश पॉलिश पेपरने पूर्ण घासायचं, दुसऱ्या टोकाचं फक्त अर्ध्या बाजूचं. उत्साही मुलं दोन्ही टोकं चकाचक घासतात. मग वेटोळं फिरत नाही, नुसतं डुलतं. अर्ध्या फेरीत चुंबक ढकलतो, उरलेल्या अर्ध्या फेरीत तोच मागे ओढतो. अर्धं वार्निश ठेवलं की त्या वेळी प्रवाह तुटतो आणि वेटोळं आपल्याच वेगाने पुढे जातं. हे फळ्यावर सांगून कळत नाही. चॅटबॉट कृती अचूक सांगेल, पण आपल्या तारेवर वार्निश किती उरलंय ते मुलालाच ती उजेडात धरून बघावं लागतं. शिवाय ‘अनडू’ नाही. जास्त घासलं की नवी तार. (सेल फार वेळ जोडून ठेवू देऊ नका, तार तापते.)

मात्र मोटार फिरली की बरीच मुलं थांबतात. चुंबक उलटा ठेवला तर ती उलटी फिरेल का, हे विचारणारं एखादंच. स्क्रॅचमध्ये लोकल झाली की तिला इंडिकेटर हवा, मग गर्दी हवी, मग दरवाजात लटकणारा माणूस हवा. शेवट नाही. अर्थात काहींचा अख्खा तास स्क्रॅचमधल्या मांजराचे रंग बदलण्यात आणि म्याव ऐकण्यात जातो, तेही सोसावं लागतं.

स्क्रॅचविरुद्ध माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. एका कम्प्युटरवर तिघं बसली की माउस एकाच्याच हातात राहतो, आणि तो बहुधा ज्याला आधीपासूनच येतं त्याच्या. बाकीचे दोघं प्रेक्षक. दर दहा मिनिटांनी माउस फिरवायची शिस्त लावली तरच बरं. तारेचं तसं नसतं. प्रत्येकाची तार वेगळी, घोळही ज्याचा त्याचा.

‘२०२०च्या शैक्षणिक धोरणात कोडिंग आहे’ असं सांगून कोणी स्क्रॅच पुढे करेल. आहे, पण सहावी ते आठवीच्या टप्प्यावर. म्हणून पाचवीला तार द्या. सातवीला स्क्रॅच. सहावीला मी आधी तार आणि दिवाळीनंतर स्क्रॅच देते, कारण डुलणाऱ्या वेटोळ्याशी झगडलेलं मूल ठोकळ्यांतली चूकही शांतपणे शोधतं, असा माझा अनुभव आहे. एकच निवडायचं असेल आणि तिघांमागे एक मशीनही नसेल, तर तार. मशीन पुरेशी असतील आणि शिकवणाऱ्याला ‘मलाही माहीत नाही, बघू या’ म्हणायला संकोच नसेल, तर स्क्रॅच. फळ्यावर नमुना काढून सगळ्यांकडून तोच करून घ्यायचा असेल, तर दोन्हींत फरक नाही, चित्रकलेचा तास घ्या.

आणि स्क्रॅच ठरवण्याआधी लॅबची चावी शनिवारी कोणाकडे असते, ते विचारून घ्या.