आयबी डिप्लोमा की ए लेव्हल: मूल रंगमंचावर आणि मैदानावरही असेल तर

एकाच खाजगी शाळेत शेवटच्या दोन वर्षांसाठी आयबी डिप्लोमा (सहा विषयांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) आणि ए लेव्हल (तीन-चार विषयांचा ब्रिटिश अभ्यासक्रम) असे दोन्ही रस्ते उघडे असले, की पालकांची चर्चा बहुतेक वेळा विद्यापीठ प्रवेशाकडे वळते. तिथे फारसं अडत नाही, विद्यापीठं दोन्ही ओळखतात. खरा प्रश्न पडतो तो अभ्यासात बरं असणाऱ्या, शाळेच्या संघातून खेळणाऱ्या आणि वर वाद्य किंवा नाटक सोडायला तयार नसलेल्या मुलाच्या बाबतीत. आमच्या घरी ए लेव्हल निवडलं गेलं. ते सगळ्यांसाठी योग्य आहे असं मी म्हणणार नाही, पण कोणत्या गोष्टीने पारडं झुकलं ते सविस्तर सांगण्याजोगं आहे.

आधी तासांचा हिशेब. आयबीत एचएलच्या (वरच्या स्तराच्या) विषयाला २४० आणि एसएलच्या (साधारण स्तराच्या) विषयाला १५० तास शिकवणं अपेक्षित असतं. तीन एचएल आणि तीन एसएल घेतले की १,१७० तास होतात, त्यात टीओकेचे (‘ज्ञान म्हणजे काय’ यावरचा सक्तीचा विषय) १०० धरले की १,२७०. ए लेव्हलच्या एका विषयाला साधारण ३६० तास धरतात, म्हणजे तीन विषयांचे १,०८० आणि चारांचे १,४४०. चार ए लेव्हल घेणारं मूल वर्गात आयबीच्या मुलापेक्षा जास्त वेळ बसतं. तेव्हा ‘आयबी म्हणजे फार तास’ हे काही खरं नाही. फरक पडतो तो हे तास किती विषयांत वाटले गेलेत त्याने. तीन ए लेव्हल असलेल्या मुलाच्या वेळापत्रकात भर दिवसा मोकळे तास येतात, आणि त्याच वेळी संगीताच्या खोल्या, आर्ट स्टुडिओ आणि जिमही रिकामे असतात. संध्याकाळी बस पकडायची असलेल्या मुलाला सकाळी अकराला मिळालेला पाऊण तासाचा रियाज फार मोलाचा असतो. सहा विषयांच्या वेळापत्रकात असा तास क्वचितच सापडतो.

आता मुख्य अडचण. आयबीच्या दुसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र.

मे महिन्यात परीक्षा देणाऱ्या मुलांच्या एक्स्टेंडेड एसेची (स्वतंत्र संशोधनाच्या निबंधाची) कमाल मर्यादा ४,००० शब्दांची, टीओके निबंधाची १,६०० शब्दांची. गणिताचं एक्स्प्लोरेशन, म्हणजे स्वतः निवडलेल्या मुद्द्यावरचं लेखी काम, १२ ते २० पानांचं. प्रत्येक विज्ञान विषयाचा प्रयोगावर आधारित आयए (शाळेतच गुण दिला जाणारा अहवाल) वेगळा, तो ३,००० शब्दांपर्यंत. पहिल्या भाषेची पंधरा मिनिटांची तोंडी परीक्षा त्याशिवाय. ही कामं आयबी संस्थेकडे पोचतात मार्च-एप्रिलच्या सुमाराला, पण शाळेची अंतर्गत तारीख बरीच आधी असते, आणि त्याला कारण आहे. शिक्षकाला एकाच मसुद्यावर अभिप्राय देता येतो. मूल सुधारून देतं, शिक्षक गुण देतात, एकाच विषयाचे दोन-तीन शिक्षक असतील तर त्यांना आपापली गुणपद्धत जुळवून घ्यावी लागते, आणि मग नमुने पाठवले जातात. या सगळ्याला काही आठवडे लागतात. म्हणून प्रत्येक विभाग आपली तारीख सत्राच्या मध्यात ओढतो. कोऑर्डिनेटरने सगळ्या तारखा एका कागदावर मांडून जबरदस्तीने लांब-लांब ठेवल्या नसतील तर तीन कामं एका आठवड्यात येऊन पडतात. विद्यापीठांचे अर्जही त्याच सत्रात.

आणि खेळाचा मुख्य हंगाम, वर्षाचं मोठं नाटक, वाद्यवृंदाचा कार्यक्रम? बहुतेक शाळांत तेही त्याच सत्रात. रसायनशास्त्राच्या आयएसाठी प्रयोगशाळा ठरावीक दिवसच लावलेली असते. त्या दुपारी बाहेरगावी सामना आला आणि मूल गेलं, तर पुढच्या आठवड्यात उपकरणं आवरलेली असतात. मग पाचांऐवजी तीनच वाचनं घेऊन आयए लिहिला जातो आणि निष्कर्षाच्या भागात गुण जातात. मुलं खेळ सोडतात ती अशाच एखाद्या आठवड्यात, आणि आळशीपणाशी त्याचा काही संबंध नसतो. शेवटच्या वर्षी, संघातली सर्वांत अनुभवी झालेली असताना सोडावं लागतं, हे फार लागतं.

कॅसमुळे (सर्जनशील काम, खेळ आणि सेवा यांचा आयबीतला सक्तीचा भाग) खेळ आणि कला आयबीत जपल्या जातात, असं उत्तर शाळा देते. ते अर्धं बरोबर आहे. कॅसमध्ये आता तास मोजत नाहीत. साधारण १८ महिने नियमित सहभाग, सात लर्निंग आउटकम्स (शिकण्याची उद्दिष्टं), किमान महिनाभर चालणारा एक प्रोजेक्ट आणि कोऑर्डिनेटरबरोबर तीन मुलाखती हव्यात. गुण एकही नाही, पण कॅस अपुरं राहिलं तर बाकी गुण कितीही चांगले असोत, डिप्लोमा हातात पडत नाही. गाडी नेहमी एकाच जागी अडते. मूल हंगामभर खेळतं, नोंदी करत नाही, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यात आठवून आठवून लिहायला बसतं. कोऑर्डिनेटर ते परत पाठवतात, कारण काय घडलं ते लिहिलेलं असतं, काय शिकलो ते नसतं. तोवर ज्यांची सही हवी ते प्रशिक्षक शाळा सोडून गेलेले असतात. नोंद लेखीच हवी असं बंधन नाही, ध्वनिफीत किंवा चित्रफीतही चालते. दर आठवड्याला सरावानंतर फोनवर मिनिटभर बोलून ते त्याच दिवशी चढवलं तर हा त्रास बराचसा टळतो. आयबी घेणार असाल तर ही सवय पहिल्या आठवड्यातच लावा.

आणखी एक नियम अनेकांना उशिरा कळतो. डिप्लोमाच्या विषयाचा भाग असलेलं काम कॅसमध्ये धरता येत नाही. नाटक हा विषय घेतला असेल तर मूल्यमापनासाठी केलेला प्रयोग कॅसमध्ये चालणार नाही, त्यासाठी दुसरं काहीतरी करावं लागेल. दृश्यकला घेणाऱ्या मुलाचंही तेच.

आयबीचे विषय सहा गटांत विभागलेले असतात; विषय निवडताना सहाव्या गटाकडे नीट पाहा. कला याच गटात आहेत, आणि त्याऐवजी आणखी एक विज्ञान विषय किंवा आणखी एक भाषा घेता येते. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही हवेत म्हटलं की सहावी जागा तिथेच जाते आणि चित्रकला विषय म्हणून उरत नाही. एन्व्हायर्नमेंटल सिस्टिम्स अँड सोसायटीज हा विषय तिसरा (सामाजिक शास्त्रं) आणि चौथा (विज्ञान) असे दोन्ही गट भागवतो, त्यामुळे एक जागा मोकळी होते. पण तरीही जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि कला ही तिन्ही सहसा एकत्र बसत नाहीत. ए लेव्हलमध्ये जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि आर्ट ही त्रयी शाळेच्या ऑप्शन ब्लॉकमध्ये (एकाच वेळी शिकवल्या जाणाऱ्या विषयांच्या गटांत) एकमेकांवर आदळत नसेल तर सरळ घेता येते. वैद्यकीय आणि वास्तुकला दोन्ही मनात असलेल्या मुलाला याचं महत्त्व कळतं.

आयबीची एक बाजू मात्र मला मनापासून आवडते. संगीत, नाटक आणि दृश्यकला या विषयांना तिथे शेवटची लेखी परीक्षा नाही. सगळे गुण केलेल्या कामावर. इंग्लंडच्या बोर्डांच्या ए लेव्हलमध्ये नाटक आणि संगीत या दोन्ही विषयांना मोठा लेखी पेपर असतो. उत्तम वाजवणाऱ्या पण लिहिताना अडखळणाऱ्या मुलासाठी आयबी अधिक न्याय्य वाटतं. ए लेव्हल आर्टमध्ये ६० टक्के पर्सनल इन्व्हेस्टिगेशनला (मुलाने स्वतः निवडलेल्या विषयावरच्या कामाला) आणि ४० टक्के बोर्डाने दिलेल्या विषयाला असतात. शेवटी देखरेखीखाली १५ तासांचं काम. हे १५ तास मुलं कमी लेखतात. तयारीची पानं आणि साहित्याच्या चाचण्या आधी झाल्या नसतील तर तैलरंग वाळण्यातच दोन दिवस जातात.

खेळाच्या बाबतीत तुलना लवकर संपते. आयबीचा स्पोर्ट्स, एक्सरसाइज अँड हेल्थ सायन्स हा विज्ञानाचा विषय आहे, तिथे खेळण्याला गुण नाहीत. ए लेव्हल पीईत (शारीरिक शिक्षणात), उदाहरणार्थ एक्यूए बोर्डाकडे, ३० टक्के गुण लेखी पेपरबाहेरचे असतात आणि त्यात एका खेळातली कामगिरी, खेळाडू म्हणून किंवा प्रशिक्षक म्हणून, धरली जाते. सामन्यांच्या चित्रफिती पहिल्या वर्षापासूनच साठवायला हव्यात. शेवटच्या हंगामात गुडघा दुखावला तर जुनं चित्रीकरणच उपयोगी पडतं.

ए लेव्हलमध्ये उणिवाही आहेत. सोळाव्या वर्षी भाषा किंवा गणित कायमचं सुटू शकतं, आणि तीन विषयांपैकी एक चुकीचा निघाला तर एक तृतीयांश निकाल बिघडतो. म्हणून चार घेऊन पहिल्या काही महिन्यांनी एक सोडण्याची मुभा आहे का, ते शाळेला विचारा. संशोधनाची गोडी असेल तर ईपीक्यू (स्वतंत्र संशोधन प्रकल्प) जोडता येतो. त्याचा निबंध साधारण ५,००० शब्दांचा असतो, पण विषय आणि बराचसा वेग मुलाच्या हातात राहतो. कशातच विशेष ओढ नाही पण सगळंच आवडतं, स्वतःचं वेळापत्रक सांभाळायची सवय आहे आणि खेळ हौसेपुरता आहे, अशा मुलाला आयबीत बहुधा जास्त मजा येईल. पूर्ण डिप्लोमा न घेता आयबीचे सुटे विषय घेण्याची सोयही काही शाळा देतात, तीही विचारून ठेवा.

शाळेत भेटायला जाल तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवून दोन कागद मागा: गेल्या वर्षीच्या दुसऱ्या वर्षाच्या अंतर्गत तारखा, आणि त्याच सत्रातलं सामन्यांचं व तालमींचं वेळापत्रक. ते शेजारी ठेवून एकाच आठवड्यात किती कामं येतात ते मोजा. दोन्ही कागद एकाच माणसाने मिळून आखलेले दिसले तर आयबीबद्दलची माझी अर्धी तक्रार तुम्हाला लागू होत नाही. खेळाचा विभाग आणि आयबी कोऑर्डिनेटर यांच्याकडे वेगवेगळे कागद निघाले आणि ‘मुलं करतात सगळं ॲडजस्ट’ असं उत्तर मिळालं, तर मी तरी ए लेव्हलच्या फॉर्मवर सही करेन.