हप्ता पुढे ढकलायचा की नवं कर्ज उचलायचं?

गेल्या दोन आठवड्यांत माझ्या टेबलासमोर बसलेल्या बहुतेकांचा प्रश्न एकच होता. ‘ताई, बँकेतून फोन आलाय. वीस टक्के वाढवून देतो म्हणतात. घेऊ का?’

मी इचलकरंजीत छोट्या कारखानदारांचे आणि दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. जून २०२१ निम्मा संपत आलाय आणि आमच्या जिल्ह्यात शटरं अजून पूर्ण वर गेलेली नाहीत. दुसऱ्या लाटेनं पहिल्या लाटेतून सावरलेल्यांनाही परत खाली बसवलं. अशा वेळी बँक स्वतःहून पैसे देते म्हटल्यावर माणूस हरखून जातो, आणि त्यात त्याची चूक नाही. पण त्याच बँकेत दुसरीही एक वाट आहे, आणि तिच्याबद्दल फोन येत नाही. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दाखवते. खालचे दर, अटी आणि मुदती जून २०२१ मधल्या आहेत.

पहिली वाट म्हणजे ईसीएलजीएस, आपत्कालीन पतहमी योजना. मे २०२० मध्ये ३ लाख कोटींचा आकडा जाहीर झाला तो हिचाच. २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर जेवढं कर्ज बाकी होतं, त्याच्या २० टक्क्यांपर्यंत नवं कर्ज मिळतं. त्या तारखेला हप्ते ६० दिवसांपेक्षा जास्त थकलेले नसावेत. तारण वाढवून द्यावं लागत नाही, प्रक्रिया शुल्क नाही, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. बँकेचा व्याजदर जास्तीत जास्त ९.२५ टक्के, वित्त कंपनीचा १४ टक्के. मुदत चार वर्षं, त्यातलं पहिलं वर्ष फक्त व्याज.

दुसरी वाट म्हणजे कर्जाची पुनर्रचना. रिझर्व्ह बँकेनं ५ मे २०२१ रोजी ती नव्यानं खुली केली आणि ४ जूनला तिची कर्जमर्यादा २५ कोटींवरून ५० कोटींवर नेली. इथे नवा पैसा हातात येत नाही. असलेल्या कर्जाचं वेळापत्रक बदलतं, म्हणजे काही काळ हप्ता थांबतो किंवा मुदत वाढून हप्ता लहान होतो. लहान व्यावसायिकांना जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते. खातं ३१ मार्च २०२१ रोजी नियमित हवं, एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) म्हणून अर्ज करत असाल तर उद्यम ही केंद्राची उद्योग नोंदणी हवी. आधी एकदा पुनर्रचना झालेल्यांचे नियम वेगळे आहेत, ते आपल्या शाखेत विचारून घ्या.

दोन्हींची दारं सध्या, म्हणजे जून २०२१ मध्ये, ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत उघडी आहेत.

आता एक गैरसमज, जो मला रोज खोडावा लागतो. ‘सरकारची शंभर टक्के हमी आहे’ हे ऐकून लोकांना वाटतं, जमलं नाही तर सरकार फेडेल. तसं नाही. हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. तुम्ही बुडवलंत तर बँकेचं नुकसान भरून निघेल, पण तुमच्यामागची वसुली थांबणार नाही. ‘तारण नाही’ याचाही अर्थ नीट समजून घ्या. नवं तारण मागत नाहीत, पण आधी गहाण ठेवलेल्या मालमत्तेवर या कर्जाचाही बोजा चढू शकतो.

आकडे पाहू. १० लाख कर्ज बाकी असेल तर २ लाख मिळतील. ९.२५ टक्क्यांनी पहिलं वर्षभर महिन्याला साधारण १,५४० रुपये व्याज. ते हलकं वाटतं. तेराव्या महिन्यापासून हप्ता होतो सुमारे ६,३८०, तोही तीन वर्षं, आणि तो जुन्या हप्त्याच्या जोडीला. चार वर्षांत व्याजापोटी ४८ हजारांच्या आसपास जातात.

पुनर्रचनेत दिसायला काहीच जात नाही, पण व्याजाचं मीटर चालूच असतं. १० लाखांचं मुदत कर्ज ११ टक्क्यांनी आहे आणि वर्षभर हप्ता पूर्ण थांबवला, तर महिन्यागणिक चढून १ लाख १५ हजारांवर व्याज मुद्दलात मिळतं. मागच्या वर्षी मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवले होते त्यांनी हे भोगलंय. २ कोटींपर्यंतच्या कर्जांवरचं तेव्हाचं व्याजावरचं व्याज सरकारनं नोव्हेंबरमध्ये परत केलं, पण मूळ व्याज कुणाचंच सुटलं नाही. शिवाय पुनर्रचनेचा शेरा पत अहवालात दिसतो. उद्या नवं मशीन घ्यायला गेलात तर समोरचा तो वाचणार.

म्हणजे नुसत्या व्याजाकडे पाहिलं तर पहिली वाट स्वस्त दिसते. पण निर्णय व्याजावर होत नाही. माझ्याकडे एकाच दिवशी आलेल्या दोघांचं सांगते.

एक काका, बारा मागांचे मालक. खर्चीवाले, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारे, नव्हेत; स्वतः सूत घेऊन विणणारे. सूत रोखीनं घ्यावं लागतं आणि गेल्या सहा-आठ महिन्यांत त्याचा भाव कुठल्या कुठे गेला. कापड विकलं जातंय, पण पूर्वी ४५ दिवसांत येणारे पैसे आता तीन-तीन महिने येत नाहीत. बिलांची फाईल त्यांनी माझ्यापुढे उघडली, तर साडेचार लाखांची येणी नावानिशी लिहिलेली होती. काम आहे, गिऱ्हाईक आहे, मधली फट पैशांची आहे. त्यांना मी २ लाख घ्या म्हटलं. तो पैसा सुतात जाईल, सुताचं कापड होईल, कापडाचे पैसे उशिरा का होईना येतील. सोबत एवढंच सांगितलं की उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं खरेदीदाराला कायद्यानं बंधनकारक आहे आणि उशिरासाठी ‘समाधान’ पोर्टलवर तक्रार करता येते. व्यापाऱ्याशी वैर नको म्हणून ते ती करणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण हक्क माहीत असलेला माणूस वसुलीला वेगळ्या आवाजात फोन करतो.

दुसऱ्या आल्या त्या वहिनी लग्नकार्यात जेवण पुरवतात. मोठी पातेली, गॅसच्या शेगड्या आणि टेम्पोसाठी घेतलेल्या कर्जाचे ६ लाख बाकी, हप्ता १३ हजार. सलग दोन लग्नसराई गेल्या. एप्रिलपासून लग्नाला २५ माणसं. एवढ्यांचा स्वयंपाक घरचेच करतात. त्यांना २० टक्क्यांनी मिळणार १ लाख २० हजार. कशाला वापरणार, विचारलं. त्या म्हणाल्या, ‘हप्ते भरीन की.’ नऊ हप्ते भरून होतील. मग दहाव्या महिन्यात जुनं कर्ज तसंच, नवंही डोक्यावर, आणि पंगती सुरू झाल्या असतील याची खात्री कुणी द्यावी? हॉटेल, रेस्टॉरंट, पर्यटन या क्षेत्रांना मार्चअखेर ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत आणि मुदत सहा वर्षांपर्यंत वाढवून मिळाली आहे, त्यात पहिली दोन वर्षं मुद्दल नाही. आपला व्यवसाय त्यात बसतो का, हे जरूर विचारावं. पण धंदाच थांबलेला असेल तर मोठं कर्ज म्हणजे मोठं ओझं. माझं मत त्यांच्याबाबत ठाम होतं: आधी पुनर्रचना, वर्षभर हप्ता थांबवा, नवा पैसा पंगती सुरू झाल्यावर.

तेव्हा बँकेला उत्तर देण्याआधी कागदावर एवढं लिहा की हा पैसा कशात घालणार आणि तो कुठून परत येणार. या दोन प्रश्नांपुढे ‘जुने हप्ते’ आणि ‘बघू’ याखेरीज काही सुचत नसेल तर ते कर्ज घेऊ नका. नको असेल तर नाही म्हणण्याचा पर्याय योजनेतच दिलेला आहे.

काहींना दोन्ही लागतील. मागच्या वर्षी ईसीएलजीएसचं कर्ज घेतलेलं आहे आणि आता पुनर्रचनेलाही पात्र आहात, तर ३० मेच्या बदलांनुसार त्या कर्जाची मुदत चारची पाच वर्षं होऊ शकते, पहिली दोन वर्षं फक्त व्याज. शिवाय आणखी १० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते.

आणि ज्यांनी कधी कर्जच काढलं नाही? मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते त्यांचं. अंथरूण पाहून पाय पसरले, उधारी टाळली, आणि २९ फेब्रुवारीला कर्ज शून्य म्हणून त्यांचे २० टक्केही शून्य. सगळी मदत आधीच्या कर्जाला बांधली, ही या योजनेची मोठी उणीव आहे. अमेरिकेत पगारासाठी दिलेलं कर्ज, त्यातला किमान ६० टक्के भाग पगारावर खर्च केला की माफ होत होतं. आपल्याकडे छोट्या धंद्याला हातात पडलेली सरळ मदत फार थोडी. राज्य सरकारनं एप्रिलमध्ये नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षावाल्यांना १,५०० रुपये जाहीर केले, तेवढीच काय ती.

गाडीवाले, भाजीवाले, रस्त्यावर बसणारे यांनी पीएम स्वनिधी, म्हणजे फेरीवाल्यांसाठीचं केंद्राचं कर्ज, घ्यावं, यात मला शंका नाही. २०२१ मध्ये पहिलं कर्ज १० हजार रुपये, बारा हप्ते, तारण नाही. वेळेवर फेडलं तर ७ टक्के व्याज अनुदान खात्यात येतं, क्यूआर कोडवर विक्री घेतली तर महिन्याला १०० रुपयांपर्यंत परतावा, आणि पुढचं कर्ज वाढवून मिळण्याची सोय. सावकाराचा रोजचा हिशेब एकदा मांडून बघा. ओळखपत्र नसेल तर नगरपालिकेकडून शिफारसपत्र मागा. चार भिंतींचं दुकान असेल तर छोट्या धंद्यांसाठीच्या मुद्रा कर्जाकडे वळा: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत. तिथे मात्र कागदपत्रं जास्त लागतात.

बँकेत जाताना एक सांभाळा. माझ्या एका अशिलाला ईसीएलजीएसचं कर्ज देताना सोबत विम्याची पॉलिसीही सहीला ठेवली होती, जणू तीही योजनेचाच भाग. कर्ज २ लाखांचं, हातात आले त्याहून कमी. प्रत्येक सहीचा कागद वाचा, नाहीतर घरातल्या शिकलेल्या मुलाला बरोबर न्या.

पुनर्रचनेचा अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या, सोबत गेल्या दोन वर्षांची विवरणपत्रं, बँकेचा उतारा, उद्यम प्रमाणपत्र आणि पुढच्या बारा महिन्यांच्या आवक-जावकेचा अंदाज जोडा. दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत बँकेनं लेखी उत्तर द्यायचं आहे. वहिनींचा अर्ज मी काल टाइप केला. अंदाजाच्या तक्त्यात जुलै ते ऑक्टोबर त्यांनी स्वतःच्या हातानं शून्य लिहिलं, आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या महिन्यापुढे, बराच वेळ पेन धरून बसल्यावर, दोन पंगती.