ज्याला झरा म्हणून विकलं, ती बांधाची गळती होती

जावळी तालुक्यात, मेढ्याच्या अलीकडे, दोन एकर रान आणि त्यात मातीचा खासगी बांध घालून अडवलेलं तळं. कृषी पर्यटन काढायचं, दोन पॅडल बोटी सोडायच्या, म्हणून मी ते विकत घेतलं. वडिलांनी आयुष्यभर साठवलेले पैसे त्यात गेले.

जागा दाखवली ऑगस्टमध्ये. तळं काठोकाठ भरलेलं. बांधाच्या पायथ्याला, खालच्या अंगाला, ओल होती आणि लव्हाळा माजला होता. मी विचारलं, तर मालक म्हणाले, "दादा, जिवंत झरा आहे हा. उन्हाळ्यातही आटत नाही." त्या झऱ्यापायी मी भाव वाढवून दिला.

दिवाळीनंतर पाणी भराभर खाली जायला लागलं. फेब्रुवारीत तळं आटलं, आणि तळ्याबरोबर झराही आटला! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या अभियंत्यांना मी तिथे घेऊन गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "पायाचा चर कुठवर खणलाय?" कठीण थर लागेपर्यंत चर खणून त्यात चिकण काळी माती कुटून भरतात, बांधाच्या गाभ्यातही तीच असते, आणि मुरूम दोन्ही अंगांना. माती थराथरानं, पाणी मारून, रोलरनं दाबायची. आम्ही एका जागी खणून पाहिलं, तर नुसता मुरूम. त्या वेळचा जेसीबीवाला भेटला. तो म्हणाला, रोलर आलाच नव्हता. सावलीसाठी बांधावर निलगिरी लावली होती. झाड वाळलं की कुजलेल्या मुळांच्या पोकळीतून पाणी वाट काढतं, हेही तेव्हाच कळलं.

गळतीचं पाणी नितळ असेल तर नजर ठेवता येते. गढूळ यायला लागलं, की बांध आतून पोखरतोय असं समजायचं. मी ऑगस्टमध्ये ते पाणी ओंजळीत घेऊन बघायला हवं होतं.

पण मला खरी चीड आली ती सांडव्याची. जादा पाणी निघून जायची ती एकच वाट, आणि तिच्या तोंडावर दीड फूट विटांची भिंत घालून वर बसायचा कट्टा केलेला. तळं मोठं दिसावं, गिऱ्हाईक भुलावं, एवढ्यासाठी. मातीच्या बांधावरून पाणी वाहिलं, की बांध कापला जातो. डोंगरापलीकडे चिपळूण तालुक्यात तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, माणसं घरांसकट वाहून गेली. आमच्या तळ्याखालीही ओढ्याकाठी वस्ती आहे.

असं तळं घेणार असाल तर पावसाळ्यात एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा बघा, सांडवा स्वतः चालून या, आणि गाव नकाशा काढा. आमच्या सातबाऱ्यात नसलेला ओढा नकाशात निघाला. ओढ्याचं पात्र सरकारचं असतं, ते विकायचा मालकाला हक्कच नव्हता.

मालकांना पाठवलेली वकिलांची नोटीस घर बंद म्हणून परत आली आहे. मे महिन्यात मी कट्टा फोडून सांडवा मोकळा केला आणि वस्तीतल्या घरोघरी जाऊन सांगितलं, की यंदा तळं भरू देणार नाही.