बॅशची कमांड हिस्टरी: माल चांगला, डिफॉल्ट कंजूष

बॅश म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम (शेल), आणि हिस्टरी म्हणजे त्याने ठेवलेली आधीच्या कमांडची यादी. ती वापरतात सगळेच पण सेटिंगला हात कोणी लावत नाही, आणि मग महिन्याभराने ती लांबलचक कमांड गेली कुठे म्हणून शोधत बसतात. गेली म्हणजे गेलीच, कारण काही सेट केलं नसेल तर बॅश फक्त 500 कमांड ठेवतं. उबुंटू लिनक्सच्या बॅशआरसीत (बॅशची सेटिंग फाइल) मेमरीला 1000 आणि फाइलला 2000 असं वाढवून दिलेलं असतं, पण दिवसभर टर्मिनलमध्ये बसणाऱ्याला ते काय पुरणार? साधी टेक्स्ट फाइल आहे हो, लाखभर ओळी झाल्या तरी काही एमबी, एवढी काटकसर कशाला! हिस्टसाइझ (मेमरीतली मर्यादा) आणि हिस्टफाइलसाइझ (फाइलमधली) दोन्हीला उणे एक द्या, मर्यादाच उठते. एकच बदलून भागत नाही.

खरी डोकेदुखी दोन-तीन टर्मिनल उघडे असले की. बॅश हिस्टरी फाइलमध्ये लिहितं ते शेल बंद होताना, आणि हिस्टअपेंड (जुन्याच्या पुढे जोडून लिहिण्याची सेटिंग) ऑन नसेल तर शेवटी बंद होणारा शेल आधीच्यांचं सगळं पुसून आपलंच लिहून मोकळा. ते शॉप्ट या कमांडने ऑन करा, शिवाय प्रॉम्प्ट कमांडमध्ये (दर प्रॉम्प्टआधी आपोआप चालणारी कमांड ठेवायची सेटिंग) हिस्टरी डॅश ए टाका, म्हणजे प्रत्येक कमांड तिथल्या तिथे फाइलमध्ये जाते, मध्येच कनेक्शन तुटलं तरी टेन्शन नाही. बरेच जण पुढे हिस्टरी डॅश सी (मेमरीतली यादी पुसा), डॅश आर (फाइलमधून परत वाचा) पण जोडतात, सगळ्या विंडोत एकच हिस्टरी दिसावी म्हणून. मला नाही पटत. अप ॲरो दाबला की भलत्याच विंडोतली कमांड समोर येते आणि ती नेमकी काहीतरी डिलीट करणारी असली, तर कल्याणच.

काय नोंदायचं ते ठरवणाऱ्या हिस्टकंट्रोलला इग्नोरबोथ मात्र मस्ट. लागोपाठ तीच कमांड दहादा मारली तरी नोंद एकच, आणि आधी स्पेस देऊन टाइप केलेली कमांड नोंदलीच जात नाही, टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) वगैरे असेल तेव्हा बरं पडतं (तसा कमांडमध्ये पासवर्ड टाकूच नये, कमांड चालू असेपर्यंत पीएसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामच्या यादीत, दिसू शकतो). हिस्टटाइमफॉरमॅट सेट केलं की यादीत तारीख-वेळ पण येते.

हिस्टरीत शोधायचं कंट्रोल आर तेवढं मागासलेलं, एका वेळी एकच कमांड दाखवतं. एफझेडएफ हे शोधायचं टूल जोडलं की पूर्ण यादी समोर. फिश हा दुसरा शेल तर काही न करता टाइप करतानाच सुचवतं, तिथे बॅश हरलं.

साडेतीन स्टार, अर्धा फक्त डिफॉल्टमुळे कापला. आणि मॅकवाल्यांनो, तुमच्यासोबत येतं ते बॅश 3.2 आहे, उणे एक चालतं 4.3 पासून, तेव्हा सरळ मोठा आकडा टाका.